लोहचुंबकाची पेटी आणि वरळीची वाट

मी ठरवलं होतं ते एवढंच, की यापुढे स्क्रू पडू द्यायचा नाही. एवढ्याशा निश्चयातून जे काय झालं ते आठवून वेसाव्यात आजही लोक पोट धरून हसतात. हसू देत. मी स्वतः लिहायला बसले आहे ती एवढ्यासाठीच, की लोक सांगताना पदरचं घालतात. (मीही घालेन. पण ते निदान माझ्या पदरचं असेल.)

मी अंजनाबाई. वेसावे म्हणजे तुमचं वर्सोवा. अंधेरी स्टेशनापासून पश्चिमेला चालत सुटलात की जिथं पाय ओले होतात, ते. शाळेत मी कधी गेले नाही. शाळाच माझ्याकडे आली, रद्दीतून. सुकी मासळी बांधून द्यायला कागद लागतो, आणि कागदावर काय छापलंय ते न बघता त्यात जवळा बांधायचा हे माझ्या बुद्धीला पटेना. मग गिऱ्हाइकांनाच एकेक अक्षर विचारत मी वाचायला शिकले. आता मी कागद आधी वाचते, मग बांधते. गिऱ्हाईक उभं राहतं. राहू दे! ही माझी भाषासुद्धा त्या छापील कागदांवरूनच उचललेली आहे. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण ती इथं घातली तर पार्ल्याच्या वाचकांना ठसका लागायचा.

घरातली सगळी दुरुस्ती माझ्याकडे. आमचे नाखवा, म्हणजे माझे यजमान हरेश्वर, डोळे मिटून जाळं विणतील. पण खिळा ठोकायला दिला तर खिळा सोडून बाकी सगळं ठोकतात. तेव्हा पेचकस, पक्कड, हातोडी ही माझी माणसं.

तर एकदा ट्रंकेची बिजागरी बसवत होते. शेजारी सुक्या जवळ्याची टोपली. जवळा म्हणजे नखाएवढ्या सुकलेल्या कोलंब्या. एका टोपलीत लाखभर तरी असतील. पेचकसाच्या टोकावरून स्क्रू निसटला आणि टोपलीत गेला. मी शोधला, सून सगुणानं शोधला, मांजरानंही शोधला. मिळाला नाही. आठवड्यानं माझं पार्ल्याचं जुनं गिऱ्हाईक, नलिनीताई कर्णिक, हातात कागदाची पुडी घेऊन दारात.

"अंजनाबाई, हा तुमचा का?"

"अगोबाई! कुठं मिळाला?"

"आमच्या ह्यांच्या दाढेखाली. दाढ आता नाही. स्क्रू तेवढा आहे."

सांगा, कोणत्या मानी बाईला हे सहन होईल? त्याच दिवशी तो निश्चय झाला.

आणि देवाची करणी बघा, त्याच महिन्यात आमचा रेडिओ मेला. खाऱ्या वाऱ्यानं आतून खाल्ला होता. नाखवांनी सुतकी तोंड केलं; मी पेचकस घेतला. रेडिओ उघडला, आतला भोंगा सोडवला, आणि भोंग्याच्या बुडाशी हे एवढं थोरलं, काळंभोर लोहचुंबक! हातातली पक्कड त्यानं अशी ओढून घेतली की मी क्षणभर पक्कडीच्या बाजूनं भांडले.

लोहचुंबकावरचा धडा मी वाचलेला होता. कुठल्याशा मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं सुटं पान. चुंबक लोखंडावरून एकाच दिशेनं घासत राहिलं, की लोखंडही चुंबक होतं. एकाच दिशेनं, हं! तवा घासल्यासारखं मागं-पुढं नाही. (त्या धड्याचं पुढचं पान मी वाचलं नव्हतं. ते मला मिळायच्या आधीच कुणाच्या तरी बोंबलांबरोबर कांदिवलीला गेलं होतं.) मी पेचकस घेतला, मुठीपासून टोकाकडं घासत सुटले, आणि स्क्रूजवळ नेला.

"नाखवा! अहो नाखवा! चिकटला!"

नाखवांनी घाबरून आधी माझ्या पायाकडं पाहिलं. "काय चिकटलं?"

"स्क्रू! पेचकसाला! उलटा धरला तरी पडत नाही! हे बघा, झटकला तरी पडत नाही!"

"मग रेडिओ लागेल आता?"

अशा माणसाबरोबर मी संसार केला.

त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही. पहाटे उठून मी दिसेल ते लोखंड घासलं. हातोडी घासली. आता खिळा हातोडीलाच चिकटून बसतो, म्हणजे धरायला दुसरा हात नको, म्हणजे अंगठा चेचायचा प्रश्नच मिटला! कपाटामागं जिथं एकच हात पोचतो तिथं मी एका हातानं खिळा ठोकला आणि मुद्दाम दुसरा हात कमरेवर ठेवून ठोकला. चिनी मातीच्या बशीखाली चुंबक ठेवलं की बशीतले स्क्रू बशी उपडी केली तरी सांडत नाहीत. काठीला चुंबक बांधून गटारात पडलेली शेजारणीची किल्ली काढली. वर सहा बाटल्यांची बुचं आणि एक चमचा आला. (चमचा आमचाच निघाला. शेजारणीनं कसा कोण जाणे गटारात टाकला होता.)

सून कुरकुरायला लागली. "आये, चिमट्याला सुई चिकटलीय. भाकर उलटू का शिवू?"

"विज्ञान आहे गो ते!"

"माझे केसांचे आकडे कुठं गेले?"

"कात्रीला बघ."

"आणि कात्री?"

"हातोडीला."

चार दिवसांत आमच्या ओट्यावर रांग लागली. कोण विळी घेऊन, कोण अडकित्ता घेऊन. एकजण तर कोयता घेऊन आली. मी म्हटलं, "कोयत्याला चुंबक कशाला गो? मासा काय लोखंडाचा असतो?" तर म्हणते, "सगळ्यांनी केलं, मग मीच का मागं राहू?" मी घासून दिला. सगळ्यांना दिलं. वेसाव्यात आपल्या हातून विज्ञान पसरतंय याचा असा आनंद चढला होता, की मला फक्त एकाच माणसाला हे दाखवायचं राहिलं होतं. आणि तिच्या दारात पाऊल न टाकण्याची मी शपथ घेतली होती.

ती म्हणजे माझी विहीण, मढची धर्मीबाई.

माझी मंजुळा मढला दिली आहे. मढ म्हणजे आमच्यासमोरच. मधे फक्त खाडी. लग्नानंतर मी पहिल्यांदा विहिणीकडं गेले तेव्हा तिचं गजराचं घड्याळ मागं पडत होतं. मी चांगल्या मनानं ते उघडलं. बंद करून दिलं तेव्हा ते मागं पडायचं थांबलं. पुढंही जाईना. पाठीमागं स्क्रूचं एक भोक रिकामं. धर्मीबाईनं ते कानाशी धरून हलवलं आणि भरल्या घरात, बायकांसमोर म्हणाली, "आधी निदान टिकटिकायचं, आता नुसतं खुळखुळतं! हिच्या हातात पेचकस देऊ नका गो. ही माणूससुद्धा उघडून बसेल, आणि मिटताना एखादा अवयव हिच्या हातात उरेल."

मी म्हटलं, "तुझ्या घड्याळात स्क्रू मुळातच कमी होता. मालकिणीसारखा."

झालं! मी शपथ घेतली, की धर्मीबाई स्वतःच्या तोंडानं 'ये' म्हटल्याशिवाय मढला पाऊल टाकायचं नाही. तिनं शपथ घेतली, की अंजनाबाई मानाचं ताट घेऊन दारात आल्याशिवाय 'ये' म्हणायचं नाही. दोघी शब्दाच्या पक्क्या. त्यात मंजुळाचं बाळंतपण मढलाच झालं. मुलगी झाली. माझी पहिली नात.

माझ्या मागच्या दारातून मढ दिसतं. मंजुळाच्या अंगणातली दोरी दिसते. दोरीवर वाळणारी दुपटी दिसतात. लाल ठिपक्यांचं दुपटं कधी धुतलं तेसुद्धा मला माहीत. नात तेवढी दिसत नाही. माझा मुलगा चंदर जाऊन बघून आला. म्हणाला, "आये, नाक थेट तुझं!" माझं नाक असलेली मुलगी जगात आली, आणि ते नाक मी पाहिलेलं नाही! काळजाला भोक पडलं होतं म्हणा, आणि त्यात बसेल असा स्क्रू मिळत नव्हता.

असो. मी लोहचुंबकाकडं वळते.

चंदरच्या बोटीला नुकतंच इंजिन बसलं होतं, आणि त्याहून नवं म्हणजे होकायंत्र. चंदर ते दिवसातनं तीनदा पुसायचा. नाखवांना पटत नव्हतं. "दिशा बघायला काचेत कशाला बघायचं? पाण्याकडं बघ." मी मात्र चंदरच्या बाजूची. आणि बोट हलली की अवजारं गडगडत इकडून तिकडं जातात, ही चंदरची तक्रार ऐकून मी देवदाराची एक छानशी पेटी केली, आणि तिच्या तळाला आतून ते रेडिओचं चुंबक पक्कं बसवलं. आता पेटी आडवी होवो, उभी होवो, पान्हे जागचे हलायचे नाहीत! झकास काम झालं होतं. स्वतःची पाठ थोपटायला हात पोचत नव्हता, म्हणून हातोडीनं थोपटली.

जानेवारीत वरळीला माझा भाऊ सीताराम याच्या मुलीचा साखरपुडा होता. मी आत्या. ताटात पोपटी साडी, नारळ, पेढे, बरोबर वाजंत्री, आणि जायचं आमच्या बोटीनं. निघताना मी अवजारांची पेटी स्वतःच्या हातानं बोटीत आणली आणि होकायंत्राच्या अगदी मागं, फळीवर, चंदरच्या हाताशी ठेवली.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो आणि धुकं आलं. असं धुकं, की ढोलवाल्याला स्वतःचा ढोल चाचपून बघावा लागला. सगुणा घाबरली. मी म्हटलं, "घाबरतेस काय? यंत्र आहे."

चंदर यंत्राकडं बघत खूश होता. "आये, काटा बघ कसा रोवल्यासारखा आहे! सरळ दक्षिण. मी बोट जरा वळवून बघितली, तरी हलला नाही!"

"चांगल्या वस्तूचं असंच असतं," मी म्हटलं. "मनाची पक्की."

(वाचकहो, बोट वळते आणि काटा हलत नाही, यात मी कौतुक केलं. मी! जिनं धडा वाचलेला होता!)

बराच वेळ गेला. वरळी यायला हवी होती. नाखवा एका बाजूला जाळ्यावर बसून होते. ते एकदम म्हणाले, "मढचा वास येतोय."

"वरळीलाही बोंबील वाळत घालतात."

"वरळीच्या बोंबलाचा असा नाही येत."

"गप्प बसा हो! यंत्र खोटं आणि तुमचं नाक खरं?"

इतक्यात समोर काळपट किनारा दिसला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा दिसल्या, आणि चंदर ओरडला, "आली वरळी!" मी वाजंत्र्यांना खूण केली. ढोल, ताशा, बाजा, सगळं एकदम सुरू. मी ताट डोक्यावर घेतलं, पदर सावरला, गुडघाभर पाण्यातून आत्याच्या तोऱ्यात किनाऱ्यावर चढले.

धुक्यातून एक बाई पुढं आली. उंच, आडवी, कमरेवर दोन्ही हात. सीतारामच्या शेजारात ही एवढी कोण, असं मनात येतंय तोवर आवाज आला. "कोण गो?"

तो आवाज मी रेडिओच्या भोंग्यातूनही ओळखला असता. धर्मीबाई!

माझे पाय वाळूत रुतले. डोक्यावर ताट. ताटात साडी, नारळ, पेढे. मागं ढोल वाजतोय. धर्मीबाईनं ताटाकडं बघितलं, वाजंत्र्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिचे हात कमरेवरून हळूच खाली आले.

"ताट घेऊन आलीस?" ती म्हणाली. "वाजत-गाजत?"

आता सांगा, मी काय करावं? 'वाट चुकले' म्हणावं, तर घरासमोरच्या मढलाच वरळी समजून उतरलेली बाई म्हणून माझ्या अवजारांची, यंत्राची, शहाणपणाची, सगळ्याची वाट लागली. 'तुझ्याकडंच आले' म्हणावं, तर मी हरले. मागं नाखवा खोकले. मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी झोपडीच्या दारात मंजुळा आली. तिच्या खांद्यावर लाल ठिपक्यांचं दुपटं होतं, आणि या खेपेला त्यात कुणीतरी होतं.

"तुझ्याकडंच आले," मी म्हटलं. "मुद्दाम."

धर्मीबाईचा हुंदका एवढा मोठा होता की ढोल थांबला. "ये गो," ती म्हणाली. "ये, ये, ये!" एकदा म्हणायचं ठरलं होतं, ती तीनदा म्हणाली.

नात माझ्या मांडीवर आली. तिनं मला नीट न्याहाळलं आणि माझं नाक मुठीत धरलं. दोन्ही नाकं सारखी. मी काही रडले नाही. (धुकं फार होतं. डोळ्यांत जातं.)

पेढे वाटले गेले, बायका जमल्या. साडी मी धर्मीबाईच्या खांद्यावर घातली. मग ती आत जाऊन ते गजराचं घड्याळ घेऊन आली, तसंच बंद, आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आलीच आहेस, तर हे पुरं करून जा."

याचीच तर मी वाट बघत होते! आता पडतो कसा स्क्रू ते दाखवते म्हटलं. "चंदर! बोटीतून माझी पेटी आण!"

चंदर गेला. आणि थोड्या वेळानं किनाऱ्यावरून धावत, पेटी छातीशी धरून, बोंबलत आला.

"आये! वाट कशी चुकली ते कळलं! पेटीनं चुकवली! पेटी उचलली आणि काटा गरकन फिरला! परत ठेवली, परत फिरला! आपण वरळीला निघालो आणि धुक्यात गोल गोल फिरून मढला आलो गो!"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी नातीच्या दुपट्याची घडी नीट केली. एकदा केली, दुसऱ्यांदा केली. पोर माझ्याकडून कधी काढून घेतात याची मी वाट बघत होते.

"ओरडतोस काय रे?" धर्मीबाई म्हणाली. "मला नवीन सांगतोस?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"अगो, मंजुळानं सांगितलं होतं आज वरळीला साखरपुडा आहे म्हणून. आणि तू माझ्यासाठी वाजंत्री आणशील? तू तर भांडायलासुद्धा एकटी येतेस!" तिनं खांद्यावरची साडी काढून परत ताटात ठेवली. "हा पोपटी रंग या वयात मला कोण आणील? भाचीची आहे, भाचीला दे. ताट आलं ना दारात? माझी शपथ सुटली. कुणाच्या चुकीनं सुटली ते शपथेत नव्हतं."

"मग 'ये' का म्हणालीस?"

"तुझी दोरीकडं लागलेली नजर मला काय इथून दिसत नाही? ते लाल ठिपक्यांचं दुपटं मी रोज उगाच धुते होय?"

मी पेचकस घेतला. घड्याळाची पाठ उघडली. टोक आत घातलं, आणि टक्! दोन चाकांच्या मधे अडकून बसलेला स्क्रू टोकाला चिकटून बाहेर आला. तोच तो, हरवलेला! मी पेचकस उंच धरला, उलटा केला, झटकला. पडला नाही! स्क्रू त्याच्या भोकात बसवला, चावी दिली, आणि घड्याळ टिकटिकायला लागलं. बायकांनी असा गलका केला की नात दचकून रडली. धर्मीबाईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. आयुष्यात एवढा आनंद मला मी वाचलेल्या पहिल्या ओळीनंच काय तो दिला होता. (ती ओळ मलमाच्या जाहिरातीची होती, पण मुद्दा तो नाही.)

धुकं हटलं. खाडीपलीकडं माझं घर लख्ख दिसत होतं; दारात मांजर बसलेलं दिसत होतं. उरलेले पेढे घेऊन आम्ही बोटीत चढलो. नाखवांनी पेटी उचलली, पार मागच्या टोकाला नेली, आणि सुकाणू स्वतः धरलं.

"तुमचं नाक खरं निघालं हो," मी म्हटलं. असं मी सहसा म्हणत नाही.

"नाक कसलं?" नाखवा म्हणाले. "धर्मीबाई कावळ्यांना शिव्या घालत होती. दूरवर ऐकू येत होतं."

"मग तसं सांगायचं ना!"

"आवाजाचं सांगितलं असतं, तर तू बोट वळवायला लावली असतीस."

वरळीला पोचायला उशीर झाला, पण साडी पोचली.

आता खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी. पण आठवड्यानं मंजुळाचा निरोप आला, की आये, घड्याळ धावतंय. सकाळच्या चहाला ते दुपारच्या जेवणाचा गजर करतं. माझ्या पेचकसाचं विज्ञान घड्याळाच्याही अंगात शिरलं होतं, आणि चुंबक शिरलं की घड्याळ पुढं पळतं, हे मला पुढं कधीतरी रद्दीतच वाचायला मिळालं. तेव्हापासून मी दर आठवड्याला ते दुरुस्त करायला मढला जाते, त्याच पेचकसानं. घड्याळ आणखी जोरात धावतं, नात आता रांगत दारापर्यंत येते, आणि पुढच्या आठवड्यालाही काम उरतं.

जाताना मी पेटी घरी ठेवते, होकायंत्राकडं बघत नाही, आणि तोंड वर करून बसते. पण काही उपयोग नाही. बोट किनाऱ्याला लागायच्या आधीच धर्मीबाई कमरेवर हात ठेवून साऱ्या मढला ऐकू जाईल असं ओरडते, "उतरा गो विहीणबाई, वरळी आली!"